लॉ कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन नेमकं विचारायचं काय असतं? असाइनमेंट अडकलंय

साखळीकर_फर्स्ट_इयर

नमस्कार मंडळी. जरा लांबड लावतोय, आधीच माफी मागतो. मी बीकॉम करून तीन वर्षांच्या एलएलबीला आलोय, पहिलंच वर्ष, रोज साखळीहून पणजीला कदंबा बसने येऊन-जाऊन करतो. फॅमिली लॉचं असाइनमेंट मिळालं ते असं, की गोव्यातला एक हिंदू माणूस १९९८ साली वारला, मृत्युपत्र नाही, लग्न गोव्यातच रजिस्टर झालेलं, लग्नाआधी कसला करारबिरार नाही, मागे बायको आणि तीन मुलं, डिचोलीला घर त्याच्या एकट्याच्या नावावर आणि पुण्याला एक फ्लॅट, तोही त्याच्याच नावावर. तर कोणाला किती मिळेल, आधारासकट लिहा.

मी काय केलं, आता सांगायला लाज वाटते, पण रात्री अकराला मोबाईलवर एआयला विचारलं. त्याने झटक्यात उत्तर दिलं, हिंदू उत्तराधिकार कायदा, चौघांना सारखे चार वाटे, आणि वर दोन केसेसची नावं सायटेशनसकट, म्हणजे कुठल्या रिपोर्टात कुठल्या पानावर ते. मी छान टाइप करून दिलं. मॅडमनी दोन दिवसांनी पेपर परत केला, लाल पेनाने एवढंच लिहिलेलं, ‘ही केस मला आणून दाखव.’ शोधायला गेलो तर एक केस कुठेच नाही, आणि दुसरीचं जे पान दिलेलं तिथे कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या भाडेकरूचं भांडण. वर्गात मान खाली.

आता मॅडम म्हणतात लायब्ररीत जा. दोनदा जाऊन आलो. तपकिरी बाइंडिंगची एकसारखी पुस्तकं भिंतभर, पाठीवर नुसते आकडे. काउंटरवरचे काका विचारतात ‘कोणतं पुस्तक पाहिजे?’ आणि मला तेच तर माहीत नाही ना! पाच मिनिटं उगाच पेपर चाळून बाहेर आलो. तर प्रामाणिक प्रश्न, सगळं नेटवर असताना लॉ कॉलेजच्या लायब्ररीचा खरंच उपयोग होतो की आपण फीमध्ये नुसतेच पैसे भरतो? आणि होत असेल तर तिथे जाऊन विचारायचं काय?


मिरामारची_सीट_रिकामी

हाहा, वेलकम टू द क्लब. आमच्या बॅचला एकाने मूट कोर्टच्या (सरावाचं लुटुपुटूचं कोर्ट) मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, असली भुताची केस घातली होती, जजने तीच वाचायला सांगितली. पोरगा पाणी प्यायला लागला तो पीतच राहिला.

मी चौथ्या वर्षाला आहे, पाच वर्षांच्या कोर्समधे. पहिली दोन वर्षं मी पण लायब्ररी म्हणजे एसी आणि चार्जिंग पॉइंट एवढंच समजायचे. मग एकदा कळलं की कॉलेज एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्रा या निकालांच्या डेटाबेसचे पैसे दरवर्षी भरतं आणि आपल्याला त्याचं लॉगिन घरून वापरायला मिळू शकतं, फक्त जाऊन मागावं लागतं. कोणी सांगत नाही! ओरिएंटेशनला सांगितलं असेल पण त्या दिवशी कोण ऐकतं. तुझ्या कॉलेजात घरून चालत नसेल तर लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर नक्की चालेल, विचारून बघ.

आणि काकांना नको विचारू, आत काचेच्या केबिनमधे ग्रंथपाल बसतात त्यांना विचार. काका पुस्तक देतात-घेतात, त्यांचं काम ते. तू पुस्तकाचं नाव घेऊन जाऊ नकोस, असाइनमेंटचा कागदच घेऊन जा आणि समोर ठेव.


म्हापशाचा_काळा_कोट

वरच्या बाईंनी बरोबर सांगितलंय. मी वीसेक वर्षं प्रॅक्टिस करतोय, तुझ्या प्रश्नाबद्दल दोन शब्द लिहितो, पण असाइनमेंट करून देणार नाही हां, ते तुझं तू कर.

तुझा एआय कुठे घसरला ते आधी बघ. हिंदू म्हटलं की त्याने हिंदू उत्तराधिकार कायदा काढला. देशात इतरत्र कोणीही तेच करेल. पण आपण गोव्यात आहोत बाबा. इथे वारसाहक्काला धर्म बघत नाहीत, पोर्तुगीज काळातला १८६७ चा सिव्हिल कोड चालत आलाय, तो हिंदूंना, ख्रिस्तावांना, मुसलमानांना, सगळ्यांना. ६१ साली गोवा मुक्त झाला, ६२ मध्ये संसदेने कायदा करून जुने कायदे चालू ठेवले, त्यात हा राहिला. आता तू म्हणशील की त्याच्या जागी नवीन कायदा आलाय, गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा (इन्व्हेंटरी म्हणजे वारलेल्याच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी) २०१२ चा. आलाय खरा, पण त्याच्या नावात २०१२ असलं तरी तो अमलात आला डिसेंबर २०१६ मध्ये. आणि तुझा माणूस वारला कधी? १९९८. वारसा उघडतो तो मरणाच्या दिवशी, म्हणून कायदा त्या दिवशीचा बघायचा. तुझ्या मॅडमनी ते साल उगाच घातलेलं नाही, तो सापळा आहे. इंडिया कोडवर, म्हणजे सरकारच्या कायद्यांच्या साइटवर, शोधशील तर तुला नवा कायदा पटकन मिळेल आणि तू खुशीत तोच लिहून देशील.

दुसरा सापळा पुण्याचा फ्लॅट. तिथे गोव्याचा कायदा कसा लागेल, असं वाटतं ना? याच्यावर सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे, जोझे पावलो कुतिन्हो विरुद्ध मारिया लुइझा व्हालेंतिना परैरा. त्यात मुंबईतली प्रॉपर्टी होती. वाच तो, पूर्ण वाच, कारण या कोडला परदेशी कायदा म्हणायचं की भारतीय, याचं उत्तर त्यात छान दिलंय.

तिसरं, ‘एकट्याच्या नावावर’ या शब्दांवर जाऊ नकोस. आपल्याकडे करार न करता लग्न झालं की मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. नाव कुणाचंही असो, अर्धं बायकोचं आधीपासूनच असतं, ते तिला वारसा म्हणून मिळत नाही, ते तिचंच आहे. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. पुढचं गणित तू कर.

आता लायब्ररीचं. हे सगळं मला कोणी कॉलेजात शिकवलं नाही. आमच्या वेळी जुना कोड पोर्तुगीजमध्ये, आणि आम्हाला पोर्तुगीज येतं ते ‘बों दिया’ एवढंच. इंग्रजी भाषांतराची एक झिजलेली झेरॉक्स होती लायब्ररीत, तिच्यावर आमची अख्खी बॅच पास झाली. आता सरकारने राजपत्रात इंग्रजी भाषांतर छापलंय, तुमचं बरं आहे. आणि ८२ सालापर्यंत गोव्यात हायकोर्टाचं खंडपीठ नव्हतं, ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं, त्याचे निकाल एआयआरच्या (ऑल इंडिया रिपोर्टर) जुन्या व्हॉल्यूममध्ये ‘गोवा’ म्हणून वेगळ्या भागात येतात. कुळ-मुंडकाराच्या (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा), कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, जुन्या केसेस काढायच्या तर अजून मी ते तपकिरी बाड उघडतो ज्याला तू भिंत म्हणतोस.


फोंड्याचो_दुकानदार

सगळे लायब्ररीचं कौतुक करताय म्हणून जरा दुसरी बाजू. मी घरचं दुकान सांभाळून शिकतो, लेक्चर संपलं की पळत बस पकडायची, दुकान उघडायचं. माझ्या कॉलेजची लायब्ररी साडेपाचला बंद, शनिवारी अर्धा दिवस, रविवारी कुलूप. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस जेव्हा खरी गरज तेव्हा म्हणतात स्टॉक व्हेरिफिकेशन चालू आहे! चांगली टेक्स्टबुकं दोन-तीन कॉपी, त्या पहिल्या आठवड्यात गायब, मग मार्चपर्यंत वाट बघा. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराची पुस्तकं, घरी देत नाहीत. मग माझ्यासारख्याने काय करायचं? मला राग लायब्ररीचा नाही, वेळेचा आहे. ज्यांना घरी पुस्तकं घ्यायला परवडतात आणि दुपारभर बसायला वेळ आहे त्यांनाच ती लायब्ररी उघडी असते असं मला वाटतं.

मी काय करतो ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर फुकट आहेत, २०२३ च्या जानेवारीपासून, तेही अधिकृत रिपोर्टातले, म्हणजे कोर्टात चालणारे. बऱ्याच निकालांचं मराठी भाषांतर पण मिळतं, मी आधी मराठीत वाचतो मग इंग्रजीत, लाज कसली. (पण लिहिताना इंग्रजीच बघायचं, भाषांतर फक्त समजण्यापुरतं.) केंद्राचे कायदे इंडिया कोडवर. इंडियन कानून ही निकालांची फुकट साइट तर सगळ्यांना माहीत आहे. आणि पाट्टोवर कदंबा स्टँडजवळ कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, मी सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसतो, शांत असतं, पोर्तुगीज काळातली पुस्तकं बघायची तर वेगळा विभाग आहे. कॉलेजच्या लायब्ररीला पर्याय नाही म्हणा ती, लॉ रिपोर्टचा सेट तिथे शोधत बसू नका.


लायब्ररीतली_ताई

मी लॉ कॉलेजात ग्रंथपाल आहे, कुठल्या ते विचारू नका, नाहीतर उद्या सगळे पासवर्ड मागायला येतील.

फोंड्याच्या भावाची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही, माणसं कमी, वेळ वाढवायची तर कोणीतरी बसायला हवं. पण एक कर, टेक्स्टबुक मिळत नसेल तर नाव राखून ठेवायला सांग, आणि एका रात्रीपुरतं पुस्तक देतात का विचार, संध्याकाळी न्यायचं सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी आणायचं. पुष्कळ ठिकाणी अशी सोय असते आणि मुलं मागतच नाहीत. स्टॉक व्हेरिफिकेशन परीक्षेच्या तोंडावर ठेवणं हा मात्र शुद्ध गाढवपणा, त्याचं समर्थन मी करणार नाही.

आता साखळीच्या मुला, तुझ्यासाठी. तू म्हणतोस मला पुस्तकाचं नाव माहीत नाही. अरे, ते माहीत असतं तर मला पगार कशाला देतात? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांना पुस्तकाचं नाव माहीत नसतं, आणि उरलेल्या दोघांना चुकीचं माहीत असतं. तू येशील तेव्हा मी तुला उलट प्रश्न विचारेन, कंटाळू नकोस. माणूस कधी वारला? राहणारा कुठला? प्रॉपर्टी कुठे? मृत्युपत्र होतं? मॅडमना फक्त हिस्से हवेत की निकालाचा आधार पण? एवढं विचारलं की अर्धा शोध झालाच. वकीलसाहेबांनी वर जे सापळे सांगितले ते याच प्रश्नांमधून बाहेर येतात बघ, मला कायदा त्यांच्याएवढा येत नाही, पण कुठला प्रश्न आधी विचारायचा ते येतं.

मग कपाट. आधी कॉमेंटरी, म्हणजे कलमावर कोणीतरी जाणकाराने लिहिलेलं स्पष्टीकरण, तिथून विषयाची चौकट कळते. मग मूळ कायद्याचा मजकूर, त्या तारखेला जसा होता तसा. यासाठी आम्ही जुन्या आवृत्त्या टाकून देत नाही. मुलं हसतात, मॅडम ही २००५ ची कॉपी कशाला ठेवलीय. आता बघा ना, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, म्हणून आयपीसी रद्दीत गेली का? त्याच्या आधी घडलेल्या गुन्ह्याचा खटला आयपीसीवरच चालतो, अजून कित्येक वर्षं दोन्ही लागणार. रद्दीवाल्याला मी दारातूनच परत पाठवलाय.

मग निकाल. इथे मुलं दोन चुका हमखास करतात. एक म्हणजे हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) वाचून तेच जज म्हणाले असं लिहितात. हेडनोट जज लिहीत नाहीत रे, प्रकाशकाचा संपादक लिहितो! खाली उतर, परिच्छेदाचा नंबर शोध, तो लिही. दुसरी चूक, निकाल मिळाला की संपलं. तो अजून उभा आहे का ते कोण बघणार? नंतर कुठल्या मोठ्या बेंचने तो फिरवला असेल तर? पैसे भरून घेतलेल्या डेटाबेसचा खरा फायदा इथे आहे, निकालाच्या बाजूलाच दिसतं की नंतर कुणी मान्य केला, कुणी वेगळा ठरवला, कुणी रद्द केला. फुकटच्या साइटवर हे तुला एकेक निकाल उघडून हाताने करावं लागतं, होतं पण वेळ जातो. आणि आपल्या खंडपीठाच्या अलीकडच्या निकालांना स्वतःचा न्यूट्रल नंबर असतो, त्यात ‘बीएचसी’च्या (बॉम्बे हायकोर्ट) पुढे ‘गोवा’ लिहिलेलं असतं, तेवढं नीट उतरवून घे म्हणजे कुठल्या प्रकाशकाचा व्हॉल्यूम आहे-नाही ही भानगडच राहत नाही.

एआयबद्दल मी चिडत नाही, मी पण वापरते, पत्रं लिहायला. पण सायटेशन त्याच्याकडून नको. तुझ्यासारखं शिकलेल्या लोकांचं पण होतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांना नसलेल्या केसेस दिल्या म्हणून पाच हजार डॉलर दंड बसला, आणि आपल्याकडे बंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाला २०२४ च्या डिसेंबरमधला आदेश मागे घ्यावा लागला कारण त्यात असलेच निकाल घुसले होते. तू तर फक्त असाइनमेंटमध्ये सापडलास, स्वस्तात सुटलास.

आणखी एक गोष्ट जी बाहेरून दिसत नाही. जून ते सप्टेंबर आमची लढाई बुरशीशी असते. तुम्ही चवथीच्या सुट्टीत गावी मोदक खाता तेव्हा लायब्ररी बंद, हवा बंद, आणि उघडल्यावर पहिला वास येतो तो ओल्या कागदाचा. बार काउन्सिलच्या नियमात जर्नल्सचे मागचे किमान दहा वर्षांचे व्हॉल्यूम ठेवायला सांगितलेत, ते ठेवणं सोपं, गोव्याच्या हवेत टिकवणं कठीण. एकेक व्हॉल्यूम कोरड्या कपड्याने पुसायचा, पंख्याखाली उघडा ठेवायचा, चांदीकिडा दिसला की आख्खा कप्पा खाली काढायचा. म्हणून कृपा करून पान दुमडू नका आणि मूटच्या आठवड्यात महत्त्वाचा व्हॉल्यूम मुद्दाम टॅक्सेशनच्या कपाटात लपवून ठेवू नका. कोण करतं ते आम्हाला कळतं.


मिरामारची_सीट_रिकामी

तो शेवटचा मुद्दा... मी एकदाच केलं होतं ताई, आणि ते लेबर लॉचं कपाट होतं 🙈


फोंड्याचो_दुकानदार

एका रात्रीसाठी पुस्तक देतात हे मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नाही. उद्या विचारतो. नाही दिलं तर इथे येऊन परत शिव्या घालेन.


साखळीकर_फर्स्ट_इयर

मंडळी, आठवड्याने परत आलोय. गेलो एकदाचा काचेच्या केबिनमध्ये, कागद समोर ठेवला आणि म्हटलं मॅडम मला काहीच माहीत नाही. त्या हसल्या आणि पहिलाच प्रश्न, ‘वारला कधी?’ मी इथे वाचलेलं असून पण दचकलो!

दीड तास बसलो. कोडचं इंग्रजी भाषांतर मिळालं, वाचून डोकं फिरलं, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं, पण मॅडमनी आधी कॉमेंटरीतली दोन पानं वाचायला लावली म्हणून मग वाट लागली नाही. २०१९ चा निकाल पूर्ण वाचला, हेडनोट सोडून. परिच्छेदांचे नंबर लिहून घेतले. तर माझं उत्तर असं झालं, अर्धं बायकोचं स्वतःचं, उरलेलं अर्धं तीन मुलांत सारखं, म्हणजे प्रत्येकाला एक षष्ठांश, आणि मुलं आहेत म्हणून बायको त्या दुसऱ्या अर्ध्यात वारस नाही, आणि पुण्याचा फ्लॅट पण याच हिशोबात. मॅडमनी (वर्गातल्या) दहापैकी आठ दिले, दोन कापले ते ‘लग्नाच्या नोंदीचा पुरावा धरून चाललास, लिहिलं नाहीस’ म्हणून. बरोबरच आहे.

लॉगिन पण मिळालं. फॉर्म भरायचा होता एक पानाचा, एवढंच.

पण आता नवीन भानगड झालीय. असाइनमेंट घरी टेबलावर होतं, आईने वाचलं, मग बाबांना वाचायला दिलं, आणि आता दोघं म्हणतात आपलं साखळीचं घर अजून आजोबांच्या नावावर आहे, ते २००३ ला गेले, बाबांना चार भावंडं, दोन मुंबईत, तर आपलं काय? मी पहिल्या वर्षाला आहे हो!


म्हापशाचा_काळा_कोट

उत्तर चांगलं काढलंस. घराचं म्हणशील तर ते इन्व्हेंटरीचं प्रकरण आहे, सगळ्या भावंडांना सामील करून घ्यावं लागतं, आणि आजी केव्हा गेली की अजून आहे, त्यावर पण बरंच अवलंबून. इथे फुकटात नाही सांगता येणार आणि सांगू पण नये, कागद बघितल्याशिवाय बोलणारा वकील आणि तुझा एआय यात फरक काय? बाबांना सांग आधी आजोबांचा मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद आणि घराचे कागद एका फाइलीत जमवायला. त्यालाच दोन महिने जातील बघ.


लायब्ररीतली_ताई

आणि तो एससीसीचा व्हॉल्यूम काढला होतास तो जागेवर ठेवलास ना?


साखळीकर_फर्स्ट_इयर

मी ऑनलाइनच वाचला ताई! भाषांतराचं बाड तेवढं काढलं होतं, ते ठेवलं जागेवर. काकांनी माझ्यादेखत परत जाऊन बघितलं.